मल्लव्वांच्या सत्तावीस फेऱ्या

हुलसूर, मंगळवार

तीर्थरूप श्रीमंतदाजींना महेशकुमारचा उभ्या उभ्या नमस्कार (पाठ धरली आहे, साष्टांग पुढच्या भेटीत घालीन). ज्योतीअक्काची तब्येत कशी आहे? तुमचं पित्त काय म्हणतं? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मला सोडून.

दिवाळीत तुम्ही आमचा ज्वारीच्या कडक भाकरीचा कारखाना पाहिलात (बारा चुली, बारा बाया आणि मी, एवढ्याला कारखाना म्हणणारे तुम्ही पहिलेच) आणि निघता निघता चाकणच्या कंपनीतलं ज्ञान माझ्या पदरात टाकलंत. प्रत्येक वस्तूची जागा ठरव, फुकटची चाल कमी कर, मोजून फळ्यावर लिही. माझा तुमच्यावर देवाच्या वरताण विश्वास, त्यामुळे मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. काही गोष्टी खरंच साधल्या, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता रडतो. उलथणी खिळ्याला टांगली, तेव्हापासून उलथण्यावरून होणारी रोजची भांडणं बंद झाली (चांगुणाबाईंना त्यामुळे दिवस सुना सुना वाटतो). पीठ आदल्या दिवशीच मोजून ठेवतो, सकाळचा अर्धा तास वाचतो. इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी पिवळा रंग आणला आणि पिठाचे डबे, सरपण, टोपल्या यांच्यासाठी फरशीवर झकास चौकोन काढले. आमच्या बायांना ती रांगोळी वाटली. रांगोळीवर पाय कसा द्यायचा? सगळ्या जणी साडी सावरून चौकोनाला वळसा घालायला लागल्या आणि चाल कमी होण्याऐवजी दुप्पट झाली. मी म्हटलं, अहो, हा नुसता पेंट आहे. चांगुणाबाई म्हणाल्या, "व्हय की, कळायलंय. पर पाय उचलंना." शेवटी दोन दिवस वाकून मीच तो रंग खरवडला. पाठ त्यात गेली.

तरीही अक्कल आली नाही. दारापाशी पहिल्या चुलीवर बसतात त्या मल्लव्वामावशी तुम्हाला आठवत असतील. पाण्याचा रांजण पार दुसऱ्या टोकाला, आणि मावशी पिठाला पाणी आणायला दर थोड्या वेळानं उठायच्या. मी हळूच मोजलं. दिवसाला सत्तावीस फेऱ्या! (मला इतका आनंद माझ्या लग्नातही झाला नव्हता.) लगेच नळाचा माठ त्यांच्या शेजारी ठेवला आणि फळ्यावर ठसठशीत लिहिलं, मल्लव्वा, २७ फेऱ्या, वाया. बाया हसल्या. मावशींनी मान खाली घालून पुढची भाकरी थापायला घेतली.

आठ दिवसांनी बीदरहून गुरप्पा दुकानदार स्वतः जीपमधून आला आणि चाळीस पाकिटं माझ्यासमोर ओतली. भाकरी मध्ये मऊ, काहींवर बुरशी. मी चुली तपासल्या, पीठ तपासलं, ज्वारीवर संशय घेतला. शेवटी चांगुणाबाईंनी सांगितलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. पाण्याला जाता-येता मावशी वाटेतल्या सगळ्या चुलींभोवती उभ्या केलेल्या प्रत्येक भाकरीला टिचकी मारायच्या आणि आवाज दबका आला की ती भाकरी मुकाट्यानं पुन्हा धगीला लावायच्या. बारा वर्षं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. मी माठ शेजारी ठेवला आणि टिचक्या थांबल्या. आता मी स्वतः टिचक्या मारत हिंडतो, पण मला सगळ्या भाकऱ्यांचा आवाज सारखाच येतो.

माठ तिथून हलवला, मावशींच्या घरी गेलो आणि म्हटलं, पुन्हा चालायला लागा. त्या म्हणाल्या, "वाया हिंडायलेल्या बाईला आता कामून बोलवायलास रे?" आणि चार दिवस झाले, कामावर आलेल्या नाहीत. रविवारी जनवाड्याच्या लग्नाला दोन हजार भाकऱ्या द्यायच्या आहेत. त्या भाकऱ्याही परत आल्या तर कारखान्याचं नाव गेलं. दाजी, मला मनापासून लाज वाटते आहे. बाकी सर्व ठीक.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
महेशकुमार

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. भीतीच्या भरात मी मावशींना सांगून बसलो, की वाया हा शब्द माझा नाही, दाजींनी पुण्याहून कळवला. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग त्यालाच इच्यारते." तेव्हा त्या तुमच्याकडे येत आहेत. दारात दिसताच 'माझंच चुकलं' असं मोठ्यानं म्हणा आणि गुरुवारच्या गाडीत बसवून द्या. तुमचं काय जातं? तुम्हाला कुठे हुलसुरात राहायचं आहे?

ता. क. हे पत्र मावशींच्याच हाती देतो आहे. पाकीट चिकटवलेलं नाही, कारण त्यांना फक्त कन्नड वाचता येतं.

ता. क. मी मल्लव्वा लिवायले. माझं म्हायेर औशाकडचं, चवथीपतूर मराठीच शिकले. समदं वाचलं. जावईबापू, घाबरू नका, तुमचं काय चुकलेलं न्हाई. परतीचं तिकीट काढूनच निघाले, लग्नाच्या भाकरी व्हतील. चार दिस घरी बसून वाट बघितली. पोरगं रोज येऊन पाया पडायलंय, पर चांगुणा सांगायलीय, फळ्यावरचं आजूक तसंच हाय. तेवढं पुसून टाक म्हून त्याला फोन करा. तुमचं ऐकतंय.