एकाहत्तर गुण

सोंगजू, १२ एप्रिल

ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. इकडे सगळे बरे आहेत. खरबुजांचा हंगाम भरात आहे. सासूबाईंचे गुडघे फार दुखतात; त्या आता बसल्या बसल्या खोकी बंद करतात आणि मी निवडलेलं प्रत्येक फळ पुन्हा उलटून बघतात. तुझी भाची हारिन तिसरीत गेली. तिला तुझा आवाज आठवतो, असं म्हणते.

माझा निकाल लागला. पास झाले. शंभरात एकाहत्तर, साठ लागतात. आता मला इथे कायमचं राहण्याचा अर्ज करता येईल.

ही परीक्षा एवढी कशाला, असं तू एकदा विचारलं होतंस आणि मी हसून टाळलं होतं. सांगते. माझा इथे राहण्याचा परवाना वाढवायचा तर दर खेपेला नवऱ्याचे, म्हणजे सांगचलचे, कागद लागतात. तो कागद देतो, पण आधी महिनाभर वाट बघायला लावतो. मारत नाही, ओरडतही नाही. फेब्रुवारीत जेवताना म्हणाला, "तुझा परवाना जूनमध्ये संपतो ना? यंदा बघू." आणि सूप वाढून घेतलं. सासूबाईंनी मान वर केली नाही. मला परत पाठवलं तर हारिन इथेच राहणार, हे तिघांनाही माहीत होतं.

पास झाले तर त्याच्या सहीची गरज उरत नव्हती. मार्चची परीक्षा चुकली असती, तर पुढची जूनच्या नंतरच होती.

परीक्षेच्या आठवड्यात बुधवारी तुझा फोन आला, आईने खाणं सोडलंय, निघ. मी म्हटलं, विमानात जागाच नाही. तू म्हणालीस, नीट बघ. मी म्हटलं, बघितलं.

जागा होती, ताई. गुरुवारी संध्याकाळच्या विमानात चार जागा होत्या. मी ते पान उघडं ठेवूनच तुझ्याशी बोलत होते.

मला वाटलं होतं, शनिवारी परीक्षा देऊन रविवारी निघेन, आई तेवढी थांबेल.

शनिवारी सकाळी सातच्या सुमाराला देगूच्या बसमध्ये तुझा निरोप वाचला. परीक्षेनंतर वाचला असं तुला सांगितलं, तेही खोटं. वाचला आणि फोन बंद करून पिशवीत ठेवला, कारण वर्गात फोन बंद लागतो. लेखी पेपर बरा गेला. मतदानाचं वय, राजांचा क्रम, कचरा कसा वेगळा करायचा, सगळं आलं. मग तोंडी. समोर एक बाई आणि एक पिकल्या केसांचे गृहस्थ. दोघंही सौम्य.

गृहस्थांनी विचारलं, "ओळखीच्या घरी कुणी वारलं, तर आपल्याकडे काय करतात?"

मी सांगितलं, "काळे कपडे घालून जायचं. पांढऱ्या पाकिटात पैसे ठेवायचे, मागे आपलं नाव लिहायचं. फोटोपुढे दोनदा वाकायचं, घरच्यांना एकदा. मोठ्याने बोलायचं नाही."

"आणि जेवायला थांबायचं का?"

"थांबायचं. लगेच निघालं तर घरच्यांना एकटं वाटतं."

"छान. कधी गेला आहात?"

"सासऱ्यांच्या वेळी."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग सहज विचारलं, "तुमचे आईवडील गावीच असतात?"

मी म्हटलं, "हो, गावीच."

पुढचा प्रश्न राष्ट्रगीताचा होता. पहिलं कडवं म्हणून दाखवलं, एकदाही अडखळले नाही. बाहेर येऊन बसथांब्यावर बसले. रडू येईल म्हणून थोडा वेळ थांबले. आलं नाही. एक बस सोडली, दुसरीने घरी आले. दुपारी खरबुजं भरली. संध्याकाळी सांगचलला सांगितलं, आई गेली. तो म्हणाला, "आधी का नाही बोललीस? मी जाऊ दिलं असतं." खरंच जाऊ दिलं असतं त्याने. तेवढं मला कधी सुचलंच नाही. इतकी वर्षं मी त्याच्याकडे फक्त सही मागत आले.

आईचा एकोणपन्नासावा दिवस, विधीचा, आठ मेला येतो. सात तारखेचं तिकीट काढलं आहे, हारिनचंही. तू घरात घेतलंस तर आत येईन. नाही घेतलंस तर दारातून नमस्कार करून काकूंकडे जाईन, तुला लोकांपुढे बोलावं लागणार नाही. दाजींना मी काय केलं ते तू सांगितलंस तरी चालेल.

एकच विचारते. आईच्या वेळी सगळ्यांच्या कपाळाला सुतकाची पांढरी पट्टी बांधलीत, तेव्हा न आलेल्यांच्या नावाने एक बाजूला ठेवतात तशी माझी ठेवली होतीस का? ठेवली नसशील तर आता मुद्दाम नवी पट्टी फाडू नकोस. मी येताना कापड आणेन.

तुझी,
जागा असून न आलेली,
थाम