दिव्याच्या वायरीची वाटणी

मी, कपडे शिवून हयात घालवलेली, हे स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघ्यांची हमी देत नाही. कोणाचा दबाव नाही. दबावाला मी कधी जुमानलंच नाही, हे साक्षीदार जाणतात.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी यांना समान.

२. शिलाई मशीन सुनेस. तिने त्याला अडगळ म्हटलं होतं, ते मी विसरलेले नाही. पण तिची टीप सरळ पडते.

३. मोठी कात्री मुलास. तिची धार यांनी घालवली. घरबसल्या जगाशी बोलायच्या हौशी रेडिओचा परवाना मिळाला, पण एरियलची महागडी केबल परवडेना. मग यांनी टेबललॅम्पची दुपदरी वायर आणली आणि माझ्या कापडाच्या कात्रीने कापली! वरचा भाग उसवून दोन बाजूंना ताणला, खालचा जोडलेला भाग तसाच रेडिओपर्यंत आणला. म्हटलं, "अहो, उसवलंय तिथे गाठ मारा." तर म्हणे, "हे शिवणकाम नाही." पहिल्याच वाऱ्यात वायर खिडकीपर्यंत उसवत आली. मग गाठ मीच मारली. ती अजून टिकून आहे.

गल्लीच्या टोकाचे इंजिनिअर भावजी, यांचे मित्र, हसले होते. "वहिनी, अर्धा आवाज ही वायरच गिळणार." गिळू दे. उरलेल्या अर्ध्यात यांनी मुलांना मांडीवर घेऊन जगभर गप्पा मारल्या. फार सुखाचे दिवस होते. मला यांची फार आठवण येते.

४. हे गेल्यावर मुलगा म्हणाला, वायर काढून टाकू. मुलगी म्हणाली, हात तर लावून बघ. तेव्हापासून दोघांचा अबोला. परवाना दोघांकडे आहे, अक्कल एकाकडेही नाही. म्हणून रेडिओ मुलीस, वायर मुलास. वायरीवाचून रेडिओ मुका, आणि रेडिओवाचून वायर म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी.

५. घराचे कागद भावजींकडे राहतील. याच वायरीवरून दोघांचे आवाज एकाच सकाळी भावजींच्या घरच्या रेडिओवर आले, की त्यांनी ते कागद द्यावेत. बाळांनो, खुशाल भांडा. पण वडिलांनी शिकवलंय तसं, आपलं झालं की 'ओव्हर' म्हणा, माईक दुसऱ्याच्या हातात द्या आणि त्याचं संपेपर्यंत गप्प बसा.

माझ्या हयातीतच आवाज आले, तर हे कलम रद्द. याची प्रत दोघांना आजच पाठवली आहे. रविवारी सकाळी मी भावजींकडे जाऊन बसते. घराची किल्ली कुंडीखाली असते.

स्थळ: मशीनची खोली, खिडकीशी.
तारीख: यांचा वाढदिवस.
सही: तुमची आई

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई. बुद्धी शाबूत. गुडघ्यांबद्दल लिहिलंय ते खरं आहे.
२. इंजिनिअर भावजी. वहिनींची खुर्ची रेडिओशेजारी ठेवली आहे.