टेप तू धरली होतीस, दादा

तीर्थरूप दादाच्या पायी धाकट्याचा नमस्कार.

मी सुखरूप पोचलो. तुझी कंबर कशी आहे? मशीनवर फार वाकू नकोस, गिऱ्हाइकं थांबतील. वहिनीला सांग, तिने बळेबळे दिलेला मफलर फार उपयोगी पडला.

आता विमानाचं. निघण्याआधी आपण दुकानातल्या भिंतीवरच्या नकाशावर दोन विमानतळांमधलं अंतर मोजलं, आठवतं ना? टेप तू धरली होतीस, आकडा मी वाचला. सरळ समुद्रावरून रेघ गेली आणि तू ठणकावून सांगितलंस, दहा तास, मिनिटभर जास्त नाही. ती रेघ डोक्यात घेऊन मी खिडकीशी बसलो. समोरच्या पडद्यावर मुंगीएवढं आपलं विमान दिसत होतं आणि ते सरळ जायचं सोडून वर बर्फाकडे वळत चाललं होतं! चालवायला कोण, तर आपली पोरगी. उद्या लोक म्हणणार, शिंप्याच्या मुलीने वाट चुकवली. मी हवाईसुंदरीला हळूच सांगितलं, कप्तानबाईंना म्हणावं जरा उजवीकडे घ्या. (हळूच म्हणजे आपल्या दुकानातलं हळूच, मशीनच्या खडखडाटावरचं. मागचे एक गृहस्थ दचकून उठले आणि देवाचा धावा करू लागले.)

थोड्या वेळाने विमानभर पोरीचा आवाज आला. "खिडकीजवळच्या शिंपीबुवांना निरोप. बाबा, नकाशा सपाट असतो, पृथ्वी नाही. काकांच्या ढेरीवर टेप ताणून धरली की ती आपोआप वर सरकते ना? तिथूनच जवळ पडतं, म्हणून आपणही तसेच चाललोय."

दादा, इतकी वर्षं मी तुझी ढेरी मोजतोय, पण हे माझ्या टाळक्यात कधी शिरलं नाही! सगळं विमान हसलं. मला लाज वाटायला हवी होती, पण छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं. (तू लावलेलं.) मग मी कुणालाच सोडलं नाही. ती माझी मुलगी, तिच्या कोटाच्या बाह्या मी बसवल्यात, हे पाणी द्यायला आलेल्याला तर दोनदा सांगितलं. आणि तिने विमान उतरवलं ते असं, की रेशमावरून इस्त्री फिरावी. तुझ्या दहा तासांच्या बरंच आधी!

तुझा,
धाकटा

ता. क. मफलर मी उडताना आणि उतरताना डोळ्यांवर बांधला होता. रेशीम आणि इस्त्री हे शेजारच्या बाईंचं वाक्य आहे. वहिनीला यातलं काही सांगू नकोस.

आणखी एक. उतरल्यावर पोरगी टोपी काखेत मारून धावत आली आणि विचारू लागली, "बाबा, पाहिलंत ना?" मी हो म्हणालो. तेव्हापासून घास गोड लागत नाही. परतीचं विमानही तीच चालवणार आहे. दुकान चार दिवस बंद ठेव आणि इकडे ये. (घाबरू नकोस, तुला आणणारीही तीच.) जाताना माझ्या शेजारी बस आणि माझे दोन्ही हात टेप धरतोस तसे घट्ट धर. मला ते उतरणं बघायचंय.