सगळ्या तालुक्याची हळद महिपतला

टोकावडे, ता. मुरबाड
माघ महिना, १९९९

सौ. बुधीताईस, धाकटा भाऊ महिपत याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची कसारा घाटातली रेल्वेची गँगमनची ड्युटी नीट चालू असेल. इकडे आई बरी आहे, गाय व्याली आणि मी इतकी वर्षं बिनलग्नाचा राहिलो. (ही बातमी जुनी आहे, पण तिला कारण तू आहेस म्हणून लिहिली.)

तुझी हळदीच्या गाण्यांची कॅसेट निघून बरीच वर्षं झाली, तरी म्हसा गावच्या जत्रेत कॅसेटवाला अजून तीच सगळ्यात वर मांडतो आणि 'एक नंबर, एक नंबर' म्हणून घसा ताणतो. मला अभिमान वाटतो, खोटं कशाला सांगू! पण रेकॉर्डिंगच्या दिवशीचं आठव. आपल्यात नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय हळदीचं गाणं उचलत नाहीत, म्हणून तू काचेपलीकडच्या माणसाला विचारलंस, "नवरा कोन?" तो म्हणाला, नवरा वगैरे नाही, नुसतं गा. "बिननवऱ्याची हळद मी नाय गात," म्हणालीस आणि पिशवी सांभाळत बसलेला मी दिसल्यावर माझंच नाव घालून मोकळी झालीस.

तेव्हापासून मुरबाड-शहापुरात लग्न कुणाचंही असो, हळद मला लागते. शहापूरला गोमाच्या लग्नात (दाजींचा चुलतभाऊ, तूही होतीस) स्पीकर 'महिपत नवरा' म्हणून गरजत होता आणि खरा नवरा पाटावर तोंड फुगवून बसला होता. त्याच्या आजीला कमी दिसतं. तिने विचारलं, "महिपत कोन रे?" कुणीतरी माझ्याकडे बोट केलं आणि म्हातारीने भरल्या हातांनी माझेच गाल रंगवले. तेही हसण्यावारी नेलं असतं, पण मुलगी बघायला जावं तर तिचा बाप म्हणतो, "कॅसेटमधला महिपत? तुमचं तर लगीन झालंय!" एका घरी तर आलेला चहा परत आत गेला.

हे सगळं रागाने लिहायला बसलो होतो. मग गोमाच्या मांडवातली तूच डोळ्यांपुढे आलीस. पूर्वी लोक तुला न्यायला जीप पाठवायचे. त्या दिवशी तू कडेला पाहुण्यांत बसून स्वतःचाच आवाज ऐकत होतीस. ओठ हलत होते, पण ऊठ, गा, असं कुणी म्हटलं नाही. कॅसेट होती ना! फार वाईट वाटलं मला, ताई. एवढं नाव झालं आणि बोलावणं बंद पडलं.

तुझा,
महिपत

ता. क. माझं लग्न ठरलं. म्हशाची प्रेमा. तिच्या बापानेही तेच सुरू केलं होतं, पण ती आतून म्हणाली, "एवढ्या येळा हळद लागून बायको नाय मिळाली बिचाऱ्याला. मीच करते त्याला."

आणखी एक ता. क. स्पीकरवाल्याला मी नको सांगितलंय आणि दुसऱ्या कुणा गाणारीलाही बोलावलेलं नाही. कॅसेटसारखा आवाज आता लागत नाही, असं तू दाजींना म्हणालीस म्हणे. नाही लागला तर नाही. कॅसेटला नवरा दिसत नाही, ताई. तू ये आणि मला बघून गा.