गॅलरीत बांधून ठेवलेली छर्‍याची बंदूक

मी, अंजनी प्रमोद भोपी, वय त्रेसष्ट, राहणार कात्रप, बदलापूर पूर्व, हे मृत्युपत्र माझ्या मनाने लिहून ठेवते. कोणी बाजूला बसून सांगत नाही, कोणी दटावत नाही. डोके शाबूत आहे, बिघाड छातीत आहे. परवा उल्हासनगरच्या रुग्णालयात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. कात्रपची राहती सदनिका माझ्या एकटीच्या नावे आहे. ती माझा मुलगा अभिजीत व सून स्वप्नाली यांना निम्मी-निम्मी द्यावी. स्वप्नालीचे नाव मी मुद्दाम घालत आहे. यजमान गेल्यावर मला कोणी घराबाहेर काढले नाही, पण काढतील या भीतीने मी कित्येक वर्षे धड झोपले नाही. तिच्या वाट्याला ते नको.

२. माझ्या कानातली फुले व मंगळसूत्राच्या वाट्या नात राजसी हिला, ती सज्ञान झाल्यावर. तोवर स्वप्नालीने सांभाळाव्यात. मोडून घरात एसी बसवू नये.

३. छर्‍याची बंदूक. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

मी आणि माझे यजमान कै. प्रमोद अंबरनाथला शिवरात्रीच्या जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल लावत असू. बंदुका भरायचे काम माझे. बंदूक मधोमध मोडल्यासारखी वाकवायची, म्हणजे आतली स्प्रिंग दाबली जाते आणि खटका तिला अडकवून धरतो. एकदा खटका निसटला, नळी उसळली आणि यजमानांच्या करंगळीचे पेर तुटले. स्टॉल तरीही बंद पडला नाही. यजमान काविळीने गेल्यावर मात्र स्टॉलवर हाताखाली असलेले माझे धाकटे दीर संतोष यांनी मला न विचारता सगळ्या बंदुका भंगारात घातल्या. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलणे टाकले. अभिजीतच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांना पोस्टाने पाठवली.

यंदा उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये चंदरच्या जुन्या सामानाच्या दुकानात तशीच एक बंदूक दिसली. चंदर म्हणाला, "माई, ये चलेगी नहीं, शोपीस है." मी ती घेतली. गॅलरीत बसून दस्ता पॉलिश पेपरने घासला, त्याला जवसाचे तेल पाजले. नळीचा गंज काढला. आतला चामड्याचा वॉशर वाळून कडक झाला होता, नवा कापून तेलात भिजवला. स्प्रिंगला ग्रीस लावले. खटक्याचा दात झिजला होता, तो कानशीने घासून घेतला. माझे मन इतके रमले होते की स्वप्नाली म्हणाली, "आई, तुम्ही गुणगुणताय!"

मग एका दुपारी मी नळी खाली ओढली. पूर्ण दाबली, पण खटका बसल्याचा आवाज आला नाही. हात सैल केला तर नळी वर येऊ लागली. सोडावी तर ती उसळणार, आणि शेजारीच राजसी चित्रे काढत बसलेली. तेवढ्यात छातीत कळ आली, डावा हात बधिर पडू लागला. मी ओरडले, "पोरीला आत ने! दोरी आण!"

स्वप्नालीने कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी ओढून काढली. मी नळीवर सगळे अंग टाकून पडले होते आणि तिने नळी, दस्ता आणि गॅलरीचे ग्रील एकत्र करकचून बांधले. गाठ पक्की बसली. त्यानंतर मला दवाखान्यात नेले.

बंदूक तशीच राहिली. गॅलरीला कुलूप लावले, कपडे आत पंख्याखाली वाळू लागले. नायलॉनची दोरी उन्हाने कमजोर होते, हे मला ठाऊक होते. जिन्यात कोणी दार आपटले तरी माझा श्वास अडकायचा. अभिजीत म्हणाला, "मी लांबून बांबूला ब्लेड बांधून दोरी कापतो." मी त्याला शपथ घातली. तो जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. त्याची बोटे मी त्या बंदुकीजवळ जाऊ दिली नसती. आणि ती उसळून ग्रीलबाहेर गेली, तर खाली पाळणाघराचे फाटक आहे.

या बंदुका हाताळलेला एकच माणूस मला माहीत होता. काल सकाळी मी खरवईला संतोष यांना फोन लावला. नाव सांगायच्या आधीच ते म्हणाले, "वहिनी?"

ते तासाभरात आले. त्यांचे केस पांढरे झाले आहेत. बंदूक पाहून दारातच थबकले, घाम फुटला त्यांना. म्हणाले, "वहिनी, दादाचं बोट मी धुळीतून उचललं होतं. त्यानंतर बंदुकीचा आवाज झाला की मला ओकारी यायची. म्हणून विकल्या सगळ्या. तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं."

मी म्हटले, "मग आज हात लावू नका. दुसरं कोणीतरी बघू."

"दुसरं कोण आहे?" असे म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी नळी धरली. खटका मध्येच अडकू नये म्हणून मी चाप दाबून धरला. स्वप्नालीने गाठ सोडली. स्प्रिंगचा सगळा जोर त्यांच्या मनगटांवर आला. त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि नळी इंचाइंचाने वर येत होती. मध्येच ती हिसडली, तेव्हा मी किंचाळले. त्यांनी सोडली नाही. शेवटी नळी सरळ झाली आणि ते तिथेच फरशीवर बसले. स्वप्नालीने पाणी आणले, तर त्यांना पेला धरता येईना. मी धरला.

स्प्रिंग काल संध्याकाळीच बाहेर काढली आहे. ती परत बसवू नये. उरलेला सांगाडा स्वप्नालीला हवा तर ठेवावा, नको तर मोडीत काढावा. हत्यारांची पेटी तिलाच.

४. दीर संतोष यांना माझ्या इस्टेटीतून काहीही मिळू नये, असे कलम मी कच्च्या मसुद्यात घातले होते. ते खोडले आहे. स्टॉलचा पत्र्याचा बोर्ड त्यांनीच रंगवला होता. तो पलंगाखाली आहे, त्यांना द्यावा.

५. परवाच्या ऑपरेशनची मला फार भीती वाटते. हे मृत्युपत्रात बसत नाही असे वकील म्हणतात, तरी राहू द्यावे. काल निघताना संतोष जिन्यात थांबून म्हणाले, "वहिनी, ऑपरेशनच्या दिवशी मी येतो. आत सोडत नाहीत, पण बाहेर बाकावर बसतो." मी त्यांना सकाळी लवकर या म्हणून सांगितले आहे.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

सही: अंजनी प्रमोद भोपी

साक्षीदार:
कौसाबाई लहू पवार, शेजारी (सही)
भूपेश नारायण तरे, सोसायटीचे सेक्रेटरी (सही)

ठिकाण: बदलापूर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४