चालू मशीनचं बिऱ्हाड

१ जुलै २०१३, मांजरी

आले एकदाची पुण्यात! अकोल्याची गाडी दोन तास उशिरा पोचली, बॅगेचं चाक स्टेशनवरच निखळलं, तरी माझं तोंड काही मिटेना. खराडीला आमचं ऑफिस. नववा मजला, सगळ्या भिंती काचेच्या. बाबांना फोनवर सांगितलं की इथे लिफ्टमध्येही एसी आहे, तर म्हणाले, मग उतरूच नको खाली.

दीपालीताई माझी टीम लीड. कॉलेजात माझी मुलाखत तिनेच घेतली होती, आणि आता राहायला तिच्याच फ्लॅटमधली खोली दिलीय. खिडकीतून अर्धा ऊस दिसतो, अर्ध्या नव्या बिल्डिंगा. म्हणाली, मला मोठी बहीणच समज. परक्या शहरात असं माणूस भेटायला नशीब लागतं बाप्पा.

आईला काम असं समजावलं : चुलीवर भात शिजत असताना बिऱ्हाड हलवायचं, आणि जेवणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. म्हणजे एका सर्व्हरवर चालू असलेलं मशीन (हे मशीनही सॉफ्टवेअरचंच असतं) न थांबवता दुसऱ्या सर्व्हरवर न्यायचं. त्याची मेमरी पानापानाने तिकडे कॉपी होते. पण मशीन चालूच असल्यामुळे पाठवलेली पानं इकडे पुन्हा बदलतात. कुठलं पान बदललं यावर सारखी नजर ठेवायची आणि ते पुन्हा पाठवायचं. या नजर ठेवण्यानेच मशीन रखडतं. तो भार कमी करणं हे माझं काम. आई सगळं ऐकून म्हणाली, जेवत जा वेळेवर.

आणि मुख्य बातमी तर राहिलीच! काम जमलं तर दोन महिन्यांत ऑनसाइट, म्हणजे परदेशातल्या ऑफिसात. थेट फ्रँकफुर्ट! बाबांनी गल्लीभर सांगूनही टाकलंय.

९ जुलै

ऑनसाइटचे कागद. पासपोर्टच्या प्रती, बोटांचे ठसे, डोळ्यांचा फोटो. शेवटी एक वीसेक पानांचा फॉर्म. मी नुसतं विचारलं, ताई, कुठे सही करू? तिने पेन्सिलीने खुणा करून ठेवल्याच होत्या. वाचतंय कोण? सगळेच न वाचता करतात.

एक हेडसेट दिलाय, दिवसभर कानावर ठेवायचा. रोज दुपारी दोनला फ्रँकफुर्टच्या खोलीशी कॉल असतो. तिकडून कुणी बोलत नाही. कुणीतरी हळूहळू श्वास घेतल्यासारखं ऐकू येतं तेवढंच. ताई म्हणते, लाइन खराब आहे.

२० जुलै

आज बुधवार पेठेत गेले होते. एक नवं पुस्तक उचलायला हात पुढे केला आणि हात हवेतच थांबला. क्षणभरच, पण थांबला. दुकानदार म्हणाला, पुस्तक घ्यायचंय की नुसता आशीर्वाद द्यायचाय? मेला पुणेरी. हसले मी, पण आठवडाभर हेच होऊन राहिलंय. नवी चव, नवं नाव, नवा रस्ता, की मी पापणी लवण्याइतकी गोठते. दात घासताना, आईशी बोलताना काही होत नाही. फक्त नवं काही झालं की.

ताई म्हणाली, बी-ट्वेल्व कमी असेल, आयटीत सगळ्यांचंच असतं.

२ ऑगस्ट

जमलं! जमलं! माझी युक्ती साधी होती. प्रत्येक बदलाला मशीन अडवून विचारायचंच कशाला? मशीननेच आपल्या बदललेल्या पानांची यादी स्वतः करावी, आणि यादी भरली की आपणहून द्यावी. पहारेकरीच नको. भार तीस टक्क्यांवर होता, तो दोनवर आला. अख्ख्या मजल्याने टाळ्या वाजवल्या. ताईने मिठी मारली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

गंमत म्हणजे माझं ते गोठणंही आजपासून बंद. टेन्शनच असणार.

१३ ऑगस्ट

आज कॉलवर तिकडून कुणीतरी बोललं. आधी खोकला. मग विचारलं, ऐकू येऊन राहिलं का?

फ्रँकफुर्टमध्ये वऱ्हाडी! मी हसणार तेवढ्यात ती पुढे म्हणाली की बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची काळजी वाटते, काल बसस्टॉपवर रडू आलं. काल बसस्टॉपवर मी रडले होते. कुणालाही सांगितलं नव्हतं. आणि आवाज माझा होता. रेकॉर्ड केलेला आपला आवाज जरा परका लागतो ना, तसा.

ताईने कॉल म्यूट केला. म्हणाली, प्रतिध्वनी आहे.

१६ ऑगस्ट

आज मीच सर्व्हरवरची यादी उघडून पाहिली. हलवायच्या मशीनांच्या रांगेत माझा एम्प्लॉयी नंबर आहे. कुठून : खराडी. कुठे : फ्रँकफुर्ट. सुरुवात : नऊ जुलै. सही केली तो दिवस.

घरी येऊन ताईला जाब विचारला. ती तांदूळ धूत होती, हात थांबवलेसुद्धा नाहीत. म्हणाली, ऑनसाइट म्हणजे हेच. तिकडे रिकामं शरीर तयार असतं, त्यात तू पोचतेस. तपासण्यापुरतं त्याला मधून मधून जागं करतात. मी विचारलं, आणि जी इथे उरते ती? म्हणाली, काम झालं की इकडचं मोकळं करतात. फॉर्मच्या सातव्या पानावर लिहिलंय.

दरवर्षी टीममधून एक नाव द्यावं लागतं, नाहीतर लीडचं जातं. तिने माझं दिलं. का, तर मी काही वाचत नाही, नुसतं कुठे सही करू विचारते. हे तिने मला तोंडावर सांगितलं, आणि मग विचारलं, वरणाला फोडणी लसणाची देऊ का!

बहीण म्हणे. केसाने गळा कापला या बाईने. त्या मिठीत मी रडले होते गं.

१८ ऑगस्ट

हेडसेट कालच कालव्यात फेकला. काही फरक नाही. जुलैत मला गोठवायचा तो पहारेकरी. यादी आता तो करतच नाही, मीच करते. माझीच युक्ती.

पण एक गोष्ट मला ठाऊक आहे. पानं कॉपी होण्यापेक्षा भराभर बदलली तर काम कधीच संपत नाही. म्हणून आज दिवसभर नवं, नुसतं नवं. चुकीच्या बस पकडल्या, खडकवासल्याला पोचले. अनोळखी बायकांशी गप्पा मारल्या. चप्पल हातात घेऊन उलटी चालले. फोनवरून सर्व्हर पाहत होते, उरलेल्या पानांचा आकडा वाढला! मग पुन्हा घसरला. जुनी पद्धत असती तर दोन दिवसांत सगळं तुंबलं असतं. माझ्या पद्धतीत तुंबत नाही.

२१ ऑगस्ट

मशीन फार धावत असलं तर त्याचा वेग कमी करतात. हे मला माहीत होतं. माझाही करतील हे —

अकोल्याचं तिकीट काढायला सकाळी निघाले. बसस्टॉपला पोचेतो दुपार टळली. कप ओठांशी येईपर्यंत चहा गार. ताई बोलते ते चिमण्यांच्या चिवचिवाटासारखं, इतकं भरभर.

२३ ऑगस्ट

आईला फोन लावला. ती एकदम सुरू झाली, दीपालीताईंचा फोन आला होता, व्हिसा आला, बाबा पेढे वाटून राहिले. मग हॅलो हॅलो करत राहिली. माझ्या तोंडून 'आई' निघेपर्यंत — तिने फोन ठेवला होता.

मला आई पाहिजे.

२४ ऑगस्ट

शेवटची पायरी ताईने आज सांगितली. मुद्दाम सावकाश, एकेक शब्द. तिकडचीने स्वतः म्हणायचं, सगळं आलं. ती म्हणाली की इकडचं बंद. ती नाही म्हणाली तर — तर तिकडचं पुसतात, मी राहते. सोमवारी, दोनचा कॉल.

म्हणजे तिच्या हातात आहे. आणि ती मीच आहे! ती मला मारेल कशी?

२६ ऑगस्ट

ताईने फोन उशाशी ठेवलाय. स्पीकरवर.

सकाळपासून जुळवलेलं सगळं तिकडचीला सांगितलं. 'सगळं आलं' म्हणू नको. आई इथे आहे. बाबा इथे आहेत. तिने थांबून ऐकलं — माझ्यासाठी किती वेळ थांबली — रडली पण.

तिकडे खिडकी आहे म्हणाली. खाली नदी आहे. तिचे हात गरम आहेत.

मग म्हणाली, नाही म्हणणार. शपथ. आईशप्पथ.

मी खोटं बोलते तेव्हा शपथ दोनदा घेते. कुणालाच माहीत नाही — मला आणि —

तिच्या जागी मी असते तर —

घसा साफ करतेय. तिने सुरुवात — सगळं आ