बेलाचं वचन आणि बँजो

लातूर, १० एप्रिल १९८३

ती. अप्पांस,
रुद्राणीचे शि. सा. नमस्कार. वि. वि.

नव्या जिल्ह्याचा पहिला महाराष्ट्र दिन, म्हणून आमच्या शाळेला गाणं बसवायला सांगितलंय. आपल्या मठात सोमवारी भजनात गातात ते बेलाचं वचन मी घेतलं. आठशे वर्षांपूर्वी ते रचणारा शिवभक्त शरण झाडालाच शिव म्हणतो, त्याला बँजोचं काय वावडं? चाल माझीच आहे. संक्रांतीला चुलीपाशी गुणगुणत होते आणि तुम्ही पेपर तोंडासमोर धरला होता, तीच. पण पहिली ओळ तुम्हीच गायला हवी. रागवा, पण या.

लोभ रागासकट असू द्यावा.
रुद्राणी

उदगीर, १५ एप्रिल

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

बँजोचं राहू दे, तू रीतच विसरलीस. बेलाच्या मुळाशी तांब्याभर पाणी घातल्याशिवाय ते वचन तोंडी घ्यायचं नसतं. मठाची विहीर आटली, टँकर माणसांनाच पुरत नाही. म्हणून दिवाळीपासून मी ते गायलो नाही. तहानलेल्या झाडापुढे त्याचीच स्तुती कोणत्या तोंडानं करू? सोमवारचं भजन सुनं वाटतं, खरं सांगतो. तू कोरड्यानं गाणार असशील तर मी येणार नाही. तुझी आई म्हणते, म्हातारा हट्टाला पेटलाय. पेटलाय तर पेटलाय.

माया आहेच, ती आटायची नाही.
मलप्पा

लातूर, ३ मे

ती. अप्पांस,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही आला नाहीत, वाईट वाटलं. पण आम्ही कोरड्यानं गायलो नाही. मंडपाबाहेर नव्यानं लावलेली लिंबाची रोपं माना टाकून उभी होती. शाळेतल्या पोरींना सांगितलं होतं, घरचं डाळ-तांदळाचं धुवण मोरीत न ओतता तांब्यातून आणा. आधी रोपांना पाणी, मग गाणं. बँजोवाले शेषेराव म्हणाले की लई कार्यक्रम वाजवले, पण आधी झाडाला पाजून गाणारे तुम्हीच. टाळ्या खूप पडल्या. पहिली ओळ गाताना मात्र तुमचीच आठवण आली. धुवण शिवाला चालतं का, तेवढं कळवा.

तुमच्या मायेची,
रुद्राणी

उदगीर, १० मे

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.

चालतं का, हे मी कोणाला विचारू? काल सोमवारी तुझ्या आईनं धुवणाचा तांब्याच हातात दिला आणि म्हणाली की आता नाटकं पुरे, मठात चला. बेलाला घातलं, लगेच जिरलं. मग गायलो. मध्येच थांबलो, तेव्हा दोन ओळी भजनातल्या गुरुपादप्पांनी सांभाळल्या. आई गल्लीभर सांगत सुटली आहे की म्हातारा पोरीच्या चालीवर गात होता. साफ खोटं. शेवटी जरासा ठेका आला, इतकंच.

पुढच्या सोमवारी शेषेरावांना घेऊन ये. बँजो आणावा. तांब्या ज्यानं त्यानं आपला भरून आणावा.

तुझा अप्पा